छोट्या मालकांनी कामगारांच्या तब्येतीसाठी कमी खर्चात काय करावं? गोव्यातल्या छोट्या धंदेवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

माझं डिचोली तालुक्यात छोटं काजू युनिट आहे, बी उकडणं, फोडणं, सोलणं, ग्रेडिंग, पॅकिंग सगळं एकाच पत्र्याच्या शेडमध्ये. १४ माणसं आहेत, त्यातल्या ११ बायका. ओळखीतले बाकीचे धंदेवाले, कुणाची बेकरी, कुणाचं गॅरेज, कुणाचं टेलरिंग, एकीचं कळंगुटला पाच खोल्यांचं गेस्ट हाऊस, हे लोक मला परत परत तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही, जे केलं आणि जे चौकशी करून कळलं तेच सांगते.

आमच्याकडं चारच माणसं आहेत, आम्ही कसला हेल्थ प्रोग्राम करणार?

प्रोग्राम हा शब्द सोडून द्या. वेर्णाच्या मोठ्या फार्मा कंपन्यांत डॉक्टर असतो, कँटीन असतं, जिम असते, ते बघून आपल्याला वाटतं की हे आपलं काम नव्हे. पण चार माणसं असली की एक गोष्ट आपल्याकडं आहे जी त्यांच्याकडं नाही, आपल्याला प्रत्येकाचं घर माहीत असतं. कुणाचा नवरा डायलिसिसवर आहे, कुणाला रात्री झोप नाही, कुणी सकाळी चहावरच येतं, हे सगळं आपल्याला न विचारता कळतं. त्यातून काय करायचं ते आपोआप सुचतं.

पैसे थोडेच आहेत, मग सगळ्यात आधी कुठं घालू?

सुट्टीत. म्हणजे डॉक्टरकडं जायला पगारी अर्धा दिवस द्या. लोक ऐकून घेतात आणि मग विचारतात की बरं, पण वस्तू काय आणू, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

आपल्या गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रं जवळजवळ आहेत, गावातून बसनं अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं, गोवेकराला तिथं तपासणी फुकट, बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट. मग माणसं जात का नाहीत? कारण ओपीडी सकाळची असते आणि आपलं कामही सकाळचंच. केसपेपर काढा, रांगेत बसा, डॉक्टर बघणार, रक्त द्यायला सांगणार, रिपोर्ट घ्यायला परत दुसऱ्या दिवशी. रोजंदारीवरच्या बाईचे त्यात दोन खाडे पडतात. दवाखाना फुकट आहे पण तिथं जायचा दिवस तिला फुकट नाही पडत, तो तिच्या हातातून जातो, आणि महिन्याला घरभाडं किंवा पोराची फी असली की ती दवाखानाच पुढं ढकलते.

आमच्याकडं सोलायला बसणाऱ्या एक काकी होत्या, वर्षभर डोकं दुखतं म्हणायच्या आणि बाम लावून बसायच्या. शेवटी मीच त्यांना गाडीत घालून घेऊन गेले तर बीपी १८०/११० निघालं. डॉक्टरांनी विचारलं आधी का आला नाहीत, तर काकी म्हणाल्या, खाडो पडता मगो. ते ऐकून मला खूप वाईट वाटलं कारण तो खाडा मीच मांडत होते.

त्या महिन्यापासून प्रत्येकाला वर्षातून चार अर्धे दिवस, फक्त स्वतःच्या तपासणीसाठी, पगार कापायचा नाही. माणशी वर्षाला दोन दिवसांचा पगार होतो, बस्स एवढाच खर्च. मी आजवर जे जे केलं त्यात इतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

माणसं याचा गैरफायदा घेत नाहीत का?

केसपेपरची पावती दाखवायची एवढंच सांगितलं, आजार काय ते नाही विचारत. पाच वर्षांत एकदाच एकीनं लग्नाला जायला वापरला, तिनं स्वतःच नंतर सांगितलं. उलट सुट्टी असून न घेणारे जास्त आहेत, त्यांच्या मागं लागावं लागतं, खासकरून बाप्ये.

पाणी, संडास हे पण आरोग्यात धरायचं का?

माझ्या मते तेच पहिलं. गोव्यात किती दुकानं आहेत जिथं सेल्सगर्ल सकाळी नवापासून रात्री आठपर्यंत उभी आणि जवळ संडास नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ, इन्फेक्शन, परत परत अँटिबायोटिक, आणि मालकाला वाटतं हिची तब्येतच नाजूक. म्हापशाच्या मार्केटात गाळा असलेली माझी एक मैत्रीण, तिच्याकडं संडास बांधायला जागाच नव्हती, तिनं दोन गाळे सोडून असलेल्या हॉटेलवाल्याशी बोलून महिन्याचे थोडे पैसे ठरवले, तिच्या दोन्ही मुली आता तिथं जातात, आतून कडी आहे, पाणी आहे. एवढं सोपं होतं पण कुणी तोंड उघडून विचारलंच नव्हतं.

संडासात झाकणाचा डबा आणि पॅडचं एक पाकीट ठेवा, कुणी कधी घेतलं ते मोजू नका. पिण्याचं पाणी बसायच्या जागेपासून दहा पावलांवर असू दे, मशीनच्या पलीकडं ठेवलं तर कुणी उठून जात नाही.

हेल्थ चेकअप कॅम्प ठेवायचा तर किती खर्च येतो?

सरकारी मार्गानं गेलात तर चहा-बिस्किटांचा. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची प्राथमिक तपासणी हा केंद्र सरकारचाच कार्यक्रम आहे आणि आरोग्य केंद्रांतून तो चालतो. आपल्या भागाच्या आरोग्य केंद्राच्या हेल्थ ऑफिसरला एक साधं पत्र द्यायचं, किती माणसं, वय काय, कुठला दिवस सोयीचा. माणसं फारच थोडी असतील तर शेजारच्या तीन-चार शेडवाल्यांना बरोबर घ्या, आम्ही तसंच केलं, चार युनिट मिळून पन्नासच्या वर माणसं झाली. नाहीच कुणी आलं तर आपणच पाच-पाच जणांना पाठवायचं.

खाजगी लॅबवाले ९९९ चं पॅकेज घेऊन येतात ज्यात साठ-सत्तर टेस्ट असतात, मला ते पटत नाही. तिशीतल्या धडधाकट पोराच्या सत्तर टेस्ट केल्या की एखादा आकडा इकडं-तिकडं निघणारच, मग तो घाबरून आणखी टेस्ट करत बसतो. त्यापेक्षा बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, वजन, आणि तोंडात टॉर्च मारून बघणं, एवढं दरवर्षी नेमानं झालं तर पुष्कळ.

हां, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारचे नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे, लागू झालेत, त्यात चाळिशीपुढच्या कामगाराची वर्षातून एकदा फुकट तपासणी मालकानं करायची असं आहे. तुमच्या धंद्याला ते कसं लागू होतं ते तुमच्या कन्सल्टंटला विचारून घ्या.

बीपीचं मशीन दुकानात ठेवू का?

ठेवा, दीड-दोन हजारांत दंडाला लावायचं चांगलं डिजिटल मिळतं, मनगटाचं घेऊ नका. पाच मिनिटं शांत बसून मग मोजायचं, जिना चढून आल्या आल्या नाही. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० च्या वर आलं तर डॉक्टरकडं. औषध कुठलं हे आपण सांगायचं नाही.

रिपोर्ट मालकानं बघायचे का?

नाही. तो कागद त्याचा. आमच्याकडं रिपोर्ट पाकिटात घालून ज्याच्या त्याच्या हातात देतात. एका ओळखीच्यानं सगळ्यांची शुगर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती, चांगल्या मनानंच टाकली, पण त्याचा एक माणूस दुसऱ्या महिन्यात काम सोडून गेला. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, नोकरीसाठी टेस्टची अट घालता येत नाही आणि त्या कारणानं काढताही येत नाही.

ईएसआय आपल्याला लागू आहे का? खूप महाग पडतं म्हणतात.

ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. दहा किंवा जास्त माणसं असली की लागू, आणि ज्यांचा पगार महिना २१,००० पर्यंत आहे ते सगळे त्यात येतात. जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. म्हणजे १५,००० पगार असेल तर आपले ४८८ रुपये आणि त्याचे ११३. एवढ्यात त्याला आणि घरच्यांना उपचार, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, बाळंतपणात २६ आठवडे, कामावर अपघात झाला तर वेगळं. मडगावात ईएसआयचं हॉस्पिटल आहे, दवाखाने बाकीच्या शहरांतून आहेत. ४८८ रुपयांत एवढं देणारी दुसरी पॉलिसी मला तरी माहीत नाही.

काही लोक नऊच माणसं कागदावर दाखवतात. असं करू नका हो. दहाव्या माणसाचा हात मशीनमध्ये गेला की काय होतं ते मी शेजारच्या शेडमध्ये बघितलंय, त्या माणसाचंही नुकसान आणि मालकालाही कर्ज काढावं लागलं. दहापेक्षा कमी असलात तरी नव्या कोडप्रमाणं मालक आणि कामगार दोघांची तयारी असेल तर स्वतःहून ईएसआयमध्ये जाता येतं.

आणि कार्ड काढून दिलं म्हणजे काम संपलं असं नाही. आमच्यात दोघींकडं कार्ड होतं पण घरच्यांची नावं घातलेलीच नव्हती, दवाखाना कुठला तेही माहीत नव्हतं. एक दुपार बसून सगळ्यांचं बघून घेतलं.

ईएसआय नसेल तर काय?

गोव्यात पाच वर्षं किंवा जास्त राहिलेल्यांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढता येतं, २०१६ मध्ये सुरू झाली ती. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत. बहुतेकांनी काढलेलं असतं पण रिन्यू केलेलं नसतं, ते तपासा. फी दोन-तीनशेच्या घरात, ती तुम्ही भरून टाका.

दुसरं, बँकेतून होणारे दोन विमे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, १८ ते ७० वयापर्यंत. जीवन ज्योती विमा, वर्षाला ४३६ रुपये, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी २ लाख, १८ ते ५० वयात घेता येतो. दोन्ही मिळून माणशी ४५६ रुपये. पैसे त्याच्या खात्यातून मे महिन्याच्या शेवटी कापले जातात म्हणून मी मेच्या पगारात तेवढे जास्त घालते, नाहीतर खात्यात शिल्लक नसते आणि विमा बंद पडतो.

बाहेरून आलेल्या पोरांचं, म्हणजे कर्नाटक, झारखंड, बिहारची जी आपल्या किचनमध्ये आणि बांधकामावर आहेत, त्यांचं लोक विसरतात. त्यांच्या गावाकडचं आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलातही चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, २०१८ पासून बिगरगोवेकरांना काही उपचारांचे पैसे भरावे लागतात, म्हणून हे कार्ड आधीच बघून ठेवलेलं बरं, ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर शोधाशोध नको.

पाठ दुखते, मान दुखते, हे तर प्रत्येक कामात असतंच ना?

असतंच म्हणून आपण सोडून देतो. माझ्याकडं बायका जमिनीवर पाटावर बसून सोलायच्या, आठ तास. गुडघे आणि कंबर पार गेलेली. मी सुताराकडून लांब बाक आणि कमरेच्या उंचीचं टेबल करून घेतलं, पाय टेकायला खाली फळी. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी तक्रार केली की हात चालत नाही, दोघी परत खाली जाऊन बसल्या, मी काही बोलले नाही, महिन्याभरात त्या आपणहून वर आल्या.

काजूत दुसरा त्रास म्हणजे टरफलाचं तेल, हात काळे पडतात, कातडी सोलवटते. हातमोजे घातले की बोटांना बी लागत नाही म्हणून बायका काढून टाकतात, मग आम्ही पातळ मोजे आणले आणि खाली खोबरेल किंवा एरंडेल लावायला ठेवलं. तेल लागलं तर आधी खोबरेलानं पुसायचं आणि मग साबण, नुसत्या पाण्यानं ते जात नाही. पीस रेटवर काम असलं की मोजे निघतात, हे मला उशिरा कळलं. मोज्यामुळं कमी भरलेल्या किलोचे पैसे आपण सोडले तरच मोजे हातात राहतात.

बेकरीवाल्यांनी मैद्याच्या धुळीकडं बघा, पीठ उंचावरून ओतू नका, झाडू मारायच्या ऐवजी ओल्या फडक्यानं पुसा, भट्टीजवळच्या माणसाला दर तासाला बाहेर काढा. टेलरिंगवाल्यांनी दिवा सुईवर पडेल असा लावा आणि चष्म्याचा नंबर तपासून द्या, साधा चष्मा फार महाग नसतो आणि कामही चोख होतं. दुकानात उभं राहणाऱ्या मुलीला एक स्टूल द्या, गिऱ्हाईक नसताना बसू द्या.

खाण्यापिण्याचं आपण कसं बोलणार?

बोलू नका, ठेवा. आपल्याकडं सकाळी दहाला काय असतं, पाव-भाजी, भजी, आणि कपात तीन चमचे साखरेचा चहा, दुपारी चारला परत तेच. मी दहाच्या चहाबरोबर उकडलेले चणे किंवा मूग सुरू केले, आठवड्यातून दोनदा नाचणीची आंबील. साखर वेगळी ठेवली, ज्याला हवी त्यानं घालायची, पहिल्या महिन्यातच साखरेचा डबा अर्धा उरला. पाव बंद नाही केला, पावाच्या जागी जमेल तेव्हा पोळी, म्हणजे चपाती नव्हे, कोंड्याची ती आपली पोदेराकडची, पाववाल्याकडची. दुपारी बायका घरून शीत-हुमण (भात-कालवण) आणतात ते चांगलंच आहे, ते खायला नीट अर्धा तास आणि बसायला जागा दिली तरी खूप.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली माणसं अक्षरशः भाजतात, एसी परवडत नाही.

पत्र्यावर पांढरा चुना मारा, मे सुरू व्हायच्या आधी. छपराजवळ गरम हवा बाहेर काढणारा एक्झॉस्ट लावा, नुसता पंखा तीच गरम हवा फिरवतो. बॉयलरचं, भट्टीचं काम सकाळी सहाला सुरू करून अकराला बंद करा. पाणी तहान लागायची वाट न बघता प्यायचं, कोकमाचं सरबत मीठ घालून एकदम चांगलं. जुलाब-उलटी झाली तर ओआरएस, पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा चक्कर येऊन पडला तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ लावा, त्याला घरी पाठवू नका.

पावसाळ्यात दर वर्षी कुणीतरी डेंग्यूनं पडतं.

आठवड्यातून एक दिवस ठरवा, आमचा शनिवार, सगळी पिंपं, टायर, झाडाच्या कुंड्या, वर टाकलेली प्लास्टिकची ताडपत्री, यातलं पाणी ओतून कोरडं करायचं. दहा मिनिटांचं काम. चिखलात, गटारात हात घालणाऱ्याला गमबूट द्या, नाहीतर लेप्टो (घाण पाण्यातून होणारा ताप) होतो. बांधकामावर कामगार असतील तर मलेरियाची रक्ततपासणी आणि आरोग्य कार्ड करून घ्या, आपल्याकडं तो नियमच आहे. काजू बागेत माणसं पाठवणाऱ्यांनी सत्तरीतला माकडताप विसरू नये, २०१५ पासून तिथं केसेस झाल्यात, गोचिडीतून होतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायचं तेल, पाचोळ्यावर बसायचं नाही, घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ, आणि जवळ माकड मेलेलं दिसलं तर लगेच आरोग्य केंद्राला कळवा.

एक माणूस दारू पितो, कामाला हुशार आहे. काढू का?

मला हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारतात, उर्राकच्या (काजूच्या ताज्या दारूच्या) दिवसांत तर आठवड्याला एकदा. पिऊन मशीनवर बसू द्यायचं नाही, यात तडजोड नाही, त्या दिवशी घरी पाठवा. पण घरी पाठवणं वेगळं आणि काढणं वेगळं. चारचौघांत बोलू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो शुद्धीत असताना, एकट्याला बसवून विचारा की काय चाललंय. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर थरथर, फिट्स येऊ शकतात, म्हणून "आजपासून सोड" अशी शपथ घ्यायला लावू नका, बांबोळीच्या मनोरुग्ण इस्पितळात ओपीडीला न्या किंवा आधी आरोग्य केंद्रात.

आपल्याच गोव्यात पर्वरीच्या संगाथ संस्थेनं आरोग्य केंद्रांतून एक अभ्यास केला होता, त्यात डॉक्टर नसलेल्या, साध्या शिकवून तयार केलेल्या माणसांनी दारू पिणाऱ्यांशी काही बैठका बोलून मदत केली आणि त्याचा फायदा झाला, लॅन्सेटमध्ये छापून आलंय ते. मला त्यानं धीर आला. बोलल्यानं काहीतरी होतं, फक्त बोलताना अपमान नको.

गुटखा, तंबाखू?

शेडमध्ये बंद, मालकालाही बंद. सोडायचं असेल त्याला १८००-११-२३५६ हा फुकट नंबर लिहून द्या. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीएवढं उघडत नाही, जखम दोन-तीन आठवडे बरी होत नाही, असं असेल तर दुसऱ्याच दिवशी दाखवायला पाठवा.

टेन्शन, डिप्रेशन वगैरेचं आपण काय करणार?

१४४१६ हा टेली मानसचा नंबर, चोवीस तास, फुकट. भिंतीवर लावा, पण संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे कुणी न बघता उतरवून घेता येतो. आणि पगार ठरल्या तारखेला द्या. माझ्याकडच्या बायकांची निम्मी काळजी उधारीची असते, पाच तारखेचा पगार बारा तारखेला गेला की त्या सात दिवसांत त्या काय काय गिळतात ते आपल्याला दिसत नाही.

योगा, वजन कमी करायची स्पर्धा?

दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला स्टेप मोजायला सांगू नका. टेबलावर बसून काम असेल तर दर तासाला दोन मिनिटं उठवा. वजनाची स्पर्धा ठेवूच नका, जाड माणसाला सगळ्यांसमोर काट्यावर उभं करणं बरं दिसत नाही.

मोठ्या आजारातून उठलेला माणूस परत आला तर?

दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रेडिंगच्या एका मुलीला टीबी निघाला. दोन आठवड्यांच्या वर खोकला होता आणि तिला तपासायला पाठवलं म्हणून लवकर कळलं. औषधं सरकारातून फुकट असतात, आणि आता नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत खाण्यासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. बाकीच्या बायका घाबरल्या, तिचा कप वेगळा ठेवा म्हणाल्या. मी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला बोलावलं, तिनं सगळ्यांना समजावलं की कपातून टीबी होत नाही, आणि औषध नीट सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत तो पसरायचं बहुतेक थांबतं. डॉक्टरांनी ये म्हटल्यावर ती परत आली, पहिला महिना अर्धा दिवस, खिडकीजवळच्या जागेवर, वजन उचलायचं नाही. औषध सहा महिने घ्यायचं होतं, ती गोळी ती रोज दहाच्या चहाच्या वेळी घ्यायची आणि ज्या काकींचं बीपी मी वर सांगितलं त्या तिला आठवण करायच्या, दोघी एकदमच गोळ्या काढायच्या. आता ती पूर्ण बरी आहे आणि पॅकिंगचा हिशेब तीच बघते.